हजेरीपटावरचं नाव : कॅन्सरशी झुंजणारं मूल, त्याचा वर्ग आणि आपण

"मॅडम, हजेरीत माझं नाव घेता का अजून?"

मुंबईहून त्याच्या आईच्या मोबाईलवरून व्हिडिओ कॉल आला होता. माझा तिसरीतला विद्यार्थी. डोक्यावर केस नाहीत, गाल सुजल्यासारखे, तोंडाला मास्क. तब्येत कशी आहे, जेवलास का, असं काहीतरी मी विचारणार, त्याआधी त्यानेच हा प्रश्न विचारला.

"हो रे बाळा, घेते की," मी म्हणून गेले. खरं तर घेत नव्हते. तीन आठवडे सलग गैरहजर मांडल्यावर त्याच्या नावापाशी मी थांबणंच बंद केलं होतं. खूण करायची आणि पुढचं नाव घ्यायचं. मुलांनाही त्याची सवय झाली होती. त्याला मुंबईत बसून ते कसं कळलं असेल, कोण जाणे!

दुसऱ्या दिवसापासून त्याचं पूर्ण नाव पुन्हा घ्यायला लागले. त्यावर उत्तर काय द्यायचं, हे वर्गानेच ठरवलं. आधी मुलं म्हणाली, "येणारच आहे, असं म्हणू." मला ते वचन द्यावंसं वाटलं नाही, कारण ते पाळणं आपल्या हातात नव्हतं. मग एका मुलीने सुचवलं, "उपचाराला गेलाय, जागा ठेवलीय." तेच ठरलं. पुढचे कित्येक महिने रोज सकाळी सगळा वर्ग हे वाक्य एका सुरात म्हणत होता.

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, गंभीर आजारातल्या मुलाची जिद्द हा आजचा विषय आहे. आपण म्हणतो, "किती धीराचं पोर आहे!" पण दोन-अडीच वर्षं या मुलाच्या जवळ राहून मला एक गोष्ट शिकायला मिळाली. धीर मुलाच्या अंगात जन्मतः असतो आणि संकटात आपोआप बाहेर येतो, असं होत नाही. त्याला खरं सांगणारी आणि त्याची जागा राखून ठेवणारी माणसं लागतात. या दोन्ही कामांत शाळेचा वाटा मोठा आहे.

(मुलाचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील मुद्दाम दिलेले नाहीत. त्याच्या आईवडिलांना विचारूनच हे लिहीत आहे.)

आमचा वर्ग, आमचा परिसर

आमच्या शाळेतली बरीच मुलं सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत काम करणाऱ्या घरांतली आहेत. वडील यंत्रमागावर, आई टॉवेलच्या शिलाईला किंवा घरी विड्या वळायला. सोलापूरची चादर आणि टेरी टॉवेल सगळ्या देशाला माहीत आहेत. ते विणणारी माणसं पाळीत काम करतात, आणि जितकं काम तितका पगार. माग बंद, तर त्या दिवसाची कमाई बंद. अनेक घरांत तेलुगू बोलतात. मुलं शाळेत मराठी, घरी तेलुगू आणि गल्लीत हिंदी अशा तीन भाषांत सहज वावरतात.

अशा घरात मुलाला रक्ताचा कॅन्सर झाल्याचं कळलं, तर काय होतं? आजाराचं नाव नीट समजण्याआधीच रजा, भाडं, उधारी हे प्रश्न उभे राहतात. सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी मुंबई, तिथे दवाखान्याची रांग, राहायची सोय, आणि इकडे दुसरं लहान मूल आजीकडे. आपल्या वर्गातलं मूल 'गैरहजर' असतं, तेव्हा त्याच्या घरी हे सगळं चाललेलं असतं.

मुलांना सांगायचं की नाही?

पहिला प्रश्न वर्गातूनच आला. "मॅडम, त्याला काय झालंय?" मी म्हटलं, "बरं नाहीये." आठवडाभर हेच उत्तर चाललं. तेवढ्यात मुलांनी आपापली उत्तरं तयार केली. कुणी म्हणालं, त्याने खडू खाल्ले म्हणून झालं. कुणी म्हणालं, त्याच्या बाटलीतलं पाणी प्यायलं तर आपल्यालाही होईल. त्याच्या शेजारी बसणारा मुलगा रडत रडत म्हणाला, "मी त्याला ढकललं होतं, म्हणून झालं का?" एका पालकांनी तर आपल्या मुलाचा बाक बदलायला सांगितलं.

आपण गप्प राहिलो, तर मुलं रिकाम्या जागेत भीती भरतात. हे मला तेव्हा कळलं.

इथे 'श्वास' चित्रपटाची आठवण येते. संदीप सावंत यांचा हा चित्रपट २००४ साली आला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. 'श्यामची आई'नंतर हा मान मिळवणारा तो दुसरा मराठी चित्रपट. त्याच वर्षी भारतातर्फे ऑस्करसाठीही तोच पाठवला गेला. माधवी घारपुरे यांच्या कथेवर तो बेतलेला आहे आणि मुळाशी पुण्यात घडलेली एक खरी घटना आहे. कोकणातला परशुराम नावाचा लहान मुलगा आणि त्याला शहरात घेऊन आलेले आजोबा. मुलाला डोळ्यांचा कॅन्सर आहे. जीव वाचवायचा तर शस्त्रक्रिया करावी लागणार, आणि त्यानंतर तो पाहू शकणार नाही. परशुरामचं काम करणाऱ्या अश्विन चितळेला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अरुण नलावडे यांचे आजोबा तर विसरताच येत नाहीत.

शिक्षक म्हणून मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. डॉक्टर आग्रह धरतात की, काय होणार आहे ते मुलाला आधी सांगितलं पाहिजे. आजोबांची जीभ रेटत नाही. आपल्यातल्या कुणाची रेटली असती? पण न सांगता शस्त्रक्रिया केली असती, तर शुद्धीवर आलेल्या मुलाला अंधार तर मिळालाच असता, शिवाय आपल्या माणसांनी फसवलं ही जखमही झाली असती. आजोबा शेवटी त्याला दवाखान्यातून बाहेर नेऊन एक दिवस जग डोळे भरून दाखवतात. त्या दिवसाला अर्थ येतो तो खरं बोलल्यामुळे. खोट्यावर तो दिवस उभाच राहिला नसता.

खरं सांगायचं म्हणजे सगळं एकदम सांगायचं असं नाही. मुलाच्या वयाला झेपेल एवढं, त्याच्या प्रश्नापुरतं आणि त्याच्या पालकांच्या संमतीने. मी त्याच्या आईला फोन केला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "सांगा मॅडम. त्याला पण सांगितलंय आम्ही. दवाखान्यातल्या ताईंनी चित्रं काढून सांगितलं." मग मी वर्गाला सांगायचं ठरवलं.

कारखान्याच्या भाषेत रक्ताचा कॅन्सर

लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे रक्ताचा कॅन्सर, ल्युकेमिया. त्यातही 'अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया' हा प्रकार जास्त दिसतो. हे नाव तिसरीच्या मुलांना सांगून काय उपयोग? पण कारखाना म्हटलं की आमच्या मुलांना सगळं कळतं. मी फळ्यावर एक हाड काढलं आणि म्हटलं, या हाडाच्या आत एक कारखाना आहे. त्यात तीन प्रकारचा माल तयार होतो.

- लाल पेशी : अंगभर प्राणवायू पोचवतात. कमी झाल्या की दम लागतो, चेहरा पांढुरका पडतो.
- पांढऱ्या पेशी : जंतूंशी लढतात. कामाच्या पेशी कमी झाल्या की साधी सर्दीसुद्धा जड जाते.
- प्लेटलेट : जखम झाली की रक्त थांबवतात. कमी झाल्या की न लागता अंगावर निळे डाग पडतात, नाकातून रक्त येतं.

"आता समजा," मी म्हटलं, "एका खात्यातली मशीन बिघडली आणि अर्धवट विणलेला माल थांबायचं नाव न घेता काढत सुटली. काय होईल?" वर्गातून लगेच उत्तर आलं, "सगळ्या गाळ्यात तोच माल साचेल!" दुसरा म्हणाला, "चांगला माल काढायला जागाच राहणार नाही." बस्स! आजार हाच आहे. अपक्व पांढऱ्या पेशी भरमसाठ वाढतात आणि चांगल्या पेशींना जागा उरत नाही.

"मग औषध काय करतं?" बिघडलेली मशीन बंद पाडतं. पण ती बंद पाडताना काही दिवस बाकीची खातीही मंदावतात. म्हणून उपचाराच्या काळात मूल अशक्त होतं, त्याला जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि मास्क लावावा लागतो. केस भराभर वाढत असतात, म्हणून त्यांच्या मुळांवरही औषधाचा परिणाम होतो आणि ते गळतात. पुढे परत येतात.

शेवटी तीन वाक्यं फळ्यावर लिहिली आणि सगळ्यांना वहीत उतरवायला सांगितली.

१. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही.
२. तो कुणाच्या चुकीमुळे, मारण्यामुळे किंवा खोड्यांमुळे झालेला नाही.
३. उपचार लांबलचक आहेत, पण उपचार आहेत.

दुसरं वाक्य वाचल्यावर शेजारच्या बाकावरच्या त्या मुलाचा चेहरा मी बघितला. एवढे दिवस ते पोर काय ओझं वाहत होतं!

अंगणातली सदाफुली आणि भीमावरमचे शास्त्रज्ञ

"पण मॅडम, औषध कशाचं बनवतात?" या प्रश्नातून दोन छान पाठ मिळाले. परिसर अभ्यास घेताना तुम्हालाही उपयोगी पडतील.

पहिला पाठ सदाफुलीचा. शाळेच्या कुंपणाला, मंदिराशेजारी, डब्यात लावलेली, पांढरी आणि गुलाबी फुलं येणारी. मूळची ही मादागास्करची. १९५०च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर हे शास्त्रज्ञ मधुमेहावर तिचा उपयोग होतो का, ते तपासत होते. साखर काही कमी झाली नाही, पण प्रयोगातल्या उंदरांच्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या. त्यातून व्हिनब्लास्टिन हे औषध सापडलं. पुढे याच झाडातून व्हिनक्रिस्टिन मिळालं आणि १९६३ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आजही रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांच्या उपचारात व्हिनक्रिस्टिन हे मुख्य औषधांपैकी एक आहे. एक सूचना मात्र ठळक द्यायची : सदाफुली विषारी आहे. तिची पानं खायची नाहीत, काढा करायचा नाही. दवाखान्यातलं औषध म्हणजे त्यातला एक घटक वेगळा काढून, अगदी मोजून दिलेला असतो.

दुसरा पाठ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा. जन्म १८९५, आंध्रातल्या भीमावरमचा. मी हे सांगितल्याबरोबर वर्ग सरसावून बसला. "म्हणजे ते तेलुगू बोलायचे?" हो, तुमची आजी बोलते तीच भाषा. ते अमेरिकेत गेले आणि लेडर्ली या औषध कंपनीत संशोधन केलं. फॉलिक अॅसिड हे जीवनसत्त्व रक्तपेशी तयार व्हायला लागतं. बोस्टनमधले डॉ. सिडनी फार्बर यांच्या लक्षात आलं की, ल्युकेमिया झालेल्या मुलांना ते दिलं तर आजार आणखी भडकतो. मग उलट केलं तर? फॉलिक अॅसिडचं काम अडवणारं औषध दिलं तर? असं औषध, अमिनोप्टेरिन, सुब्बाराव यांच्या चमूने तयार करून दिलं. १९४८ साली फार्बर यांनी १६ मुलांवरच्या उपचारांची माहिती प्रसिद्ध केली. त्यातल्या १० मुलांमध्ये सुधारणा दिसली होती. ती टिकली नाही, पण या आजाराला औषधाने मागे रेटता येतं, हे त्यातून कळलं. त्याच जातकुळीतलं मेथोट्रेक्सेट आजही वापरतात. सुब्बाराव १९४८ सालीच वारले.

हा धडा झाल्यावर मुलांनी मुंबईला पत्रं लिहिली. एकाने लिहिलं होतं, "तुझ्या सलाईनमध्ये आपल्या कुंपणाचं फूल आहे." त्याने ते पत्र उशाशी ठेवलं होतं, असं आईने नंतर सांगितलं.

"तू तर वाघ आहेस!" यातली चूक

आता माझी दुसरी चूक. प्रत्येक फोनला मी म्हणायचे, "तू वाघ आहेस आमचा. वाघ रडतो का कधी?" हेतू चांगलाच होता. पण एकदा त्याच्या आईने हळूच सांगितलं, "मॅडम, सुई टोचताना तो रडत नाही आता. नंतर पांघरुणात तोंड घालून रडतो. म्हणतो, मॅडमना सांगू नको."

मला रात्रभर झोप लागली नाही. पाठीच्या मणक्यातून औषध देतात, तेव्हा मोठी माणसंसुद्धा कळवळतात. आठ वर्षांच्या पोराला मी रडायचीसुद्धा चोरी करून ठेवली होती! पुढच्या फोनवर त्याला म्हटलं, "बाळा, माझं चुकलं. दुखलं की रडायचं. रडणारी मुलंपण धीराची असतात." तो म्हणाला, "मग मी डॉक्टरांना सांगू, आधी एक ते दहा मोजा, मग टोचा?" म्हटलं, सांग की! डॉक्टरांनी ऐकलं. तेव्हापासून दहापर्यंतचे आकडे तो स्वतः मोजायचा, कधी मराठीत, कधी तेलुगूत.

मला वाटतं, जिद्द म्हणतात ती हीच. सुई टळणार नव्हती. पण कधी टोचायची, हे ठरवायचा छोटासा अधिकार त्याला मिळाला आणि तेवढ्यावर तो उभा राहिला. आजारी मुलाच्या हातातून सगळेच निर्णय गेलेले असतात. कुठलं पुस्तक, कुठला अभ्यास आधी, आज फोनवर बोलायचं की नाही, एवढं तरी त्याला ठरवू द्यावं. "शूर हो" असं सांगण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

सगळ्यात अवघड टप्पा : मूल बरं दिसायला लागल्यावर

पहिले काही महिने जड उपचारांचे असतात. त्यानंतर गोळ्या आणि अधूनमधून तपासण्या असा लांब टप्पा येतो. सगळे मिळून उपचार साधारण दोन ते तीन वर्षं चालतात. गंमत अशी की, खरा धोका या दुसऱ्या टप्प्यात असतो. केस परत येतात, मूल हसायला-खेळायला लागतं आणि घरच्यांना वाटतं, झालं, बरा झाला.

आमच्याकडेही तेच झालं. वडील म्हणाले, "मॅडम, आता चांगला आहे की तो. दर वेळी मुंबईला गेलं की आठवड्याचा पगार जातो. मालक तरी किती दिवस माग दुसऱ्याला देऊन ठेवणार?" त्यांचं चुकत होतं असं मी कसं म्हणू? त्यांचा हिशेब खराच होता. पण उपचार मध्येच सोडले, तर दिसत नसलेल्या थोड्या वाईट पेशी परत वाढतात, आणि परत आलेला आजार बरा करणं पहिल्यापेक्षा फार अवघड असतं.

जागतिक आरोग्य संघटनेनुसार जगात दर वर्षी अंदाजे ४ लाख मुलामुलींना (० ते १९ वयोगट) कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यातली ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात. अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. आजार तोच असतो. पण निदान उशिरा होतं, औषध वेळेवर मिळत नाही आणि उपचार अर्धवट सुटतात. २०३० पर्यंत जगभरातली किमान ६० टक्के मुलं वाचावीत, असं उद्दिष्ट संघटनेने २०१८ मध्ये ठेवलं. ते काही फक्त मोठ्या शहरातल्या दवाखान्यांत गाठलं जाणार नाही. आमच्या वसाहतीतल्या दहा बाय बाराच्या खोलीतही ते गाठावं लागेल.

त्या खोलीत मी एका रविवारी दोन तास बसले. दवाखान्यातल्या समाजसेविकेला फोन लावून दिला, वडिलांचं बोलणं करून दिलं. शेवटी मुलगाच वही घेऊन आला. मागच्या पानावर त्याने घरं आखली होती, प्रत्येक महिन्याला एक. "पप्पा, एवढीच राहिलीत." वडिलांनी घरं मोजली. काही बोलले नाहीत. पण पुढच्या तारखेला गाडीत बसले.

पालकांना देण्यासारखी थोडी माहिती आपल्याजवळ तयार असावी :

- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्डावरचं नाव जुळतं का, हे आधी बघावं. शाळेचा दाखला लागला तर त्याच दिवशी द्यावा.
- आपल्या जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. ग्रामीण भागातल्या कॅन्सर रुग्णांची देशातली पहिली लोकसंख्येवर आधारित नोंदणी १९८७ मध्ये बार्शीतच सुरू झाली.
- मुंबईत परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ पासून काम करतं. मोठ्या दवाखान्यांत वैद्यकीय समाजसेवक असतात. पैसे, औषध, राहणं या प्रश्नांसाठी पहिल्यांदा त्यांनाच भेटावं.
- राहण्यासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा अनेक रुग्णांचा आधार आहे. २००६ पासून सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था कॅन्सरवर उपचार घेणारी मुलं आणि त्यांच्या पालकांची मोफत राहायची सोय करते.
- लहानपणी कॅन्सरमधून बरे झालेल्यांचा 'उगम' नावाचा गट इंडियन कॅन्सर सोसायटीसोबत काम करतो. शिकलेली, नोकरी करणारी अशी मोठी झालेली मुलं बघितली की पालकांना जो धीर येतो, तो आपल्या शंभर वाक्यांनी येत नाही.

मूल शाळेत परत येतं तेव्हा

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर तो चौथीत परत आला. टोपी घालून आला. वर्गात टोपी चालत नाही, हा नियम त्या दिवशी बाजूला ठेवला. हजेरी घेतली. त्याचं नाव आल्यावर वर्ग सवयीने म्हणणार होता, "उपचाराला..." आणि मध्येच थांबला. तो उभा राहिला आणि म्हणाला, "हजर, मॅडम." मला पुढचं नाव दिसेना.

पण परत येणं म्हणजे गोष्ट संपली असं समजू नका. शिक्षकांनी पुढच्या गोष्टी लक्षात ठेवाव्यात. यातल्या काही मी चुकून शिकले आहे.

अक्षर बिघडलं तर रागावू नका. त्याचं अक्षर वेडंवाकडं यायला लागलं होतं. मी म्हटलं, "सुट्टीत सराव केला नाहीस वाटतं." नंतर कळलं की व्हिनक्रिस्टिनमुळे हातापायांच्या नसांवर परिणाम होतो. बोटांत मुंग्या येतात, पेन्सिल नीट धरता येत नाही, पाय अडखळतो. जाड पेन्सिल द्या, तोंडी परीक्षा घ्या, लेखन कमी करा.

वेळ जास्त द्या. काही मुलांचं लक्ष लवकर विचलित होतं, उत्तर द्यायला वेळ लागतो. हाही उपचाराचा परिणाम असू शकतो. त्याला आळशी ठरवू नका.

राग आणि भूक समजून घ्या. स्टेरॉइडच्या दिवसांत मुलाला खूप भूक लागते, चेहरा गोल होतो आणि चिडचिड होते. डबा मधल्या सुट्टीआधी उघडला तर उघडू द्या. "किती जाड झालास" असं कुणी म्हणणार नाही, हे बघा.

कांजिण्या किंवा गोवर आला तर त्याच दिवशी फोन करा. वर्गातल्या कुठल्याही मुलाला कांजिण्या किंवा गोवर झाल्याचं कळलं, तर उपचार घेणाऱ्या मुलाच्या पालकांना लगेच कळवा. त्यांनी त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायला हवं. असा आजार या मुलाच्या जिवावर बेतू शकतो.

शाळेतल्या गोळ्या आणि लशी विचारल्याशिवाय नाहीत. लोहाची गुलाबी गोळी, जंतनाशक गोळी, लसीकरण यांपैकी काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय या मुलाला देऊ नका. लोहाच्या गोळीत फॉलिक अॅसिड असतं. वर सुब्बाराव यांची गोष्ट वाचलीत ना? मेथोट्रेक्सेट चालू असताना ते का विचारून द्यायचं, हे आता लक्षात येईल.

ताप आला तर वाट बघू नका. "तास संपला की घरी सोडते" असं नाही. लगेच पालकांना बोलवा. या मुलांचा ताप तातडीचा समजायचा असतो.

नाव पटावरच ठेवा. शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क दिला आहे. उपचारामुळे लांबलेली गैरहजेरी हे त्याचं नाव कमी करायचं कारण होऊ शकत नाही.

लवकर ओळखायला आपणही मदत करू शकतो

मुलांना रोज बघणारे आईवडिलांनंतर आपणच. पुढची लक्षणं बहुतेक वेळा साध्या आजाराची असतात, घाबरवायचं कुणालाच नाही. पण ती दिसली, तर पालकांना सरकारी दवाखान्यात किंवा बालरोगतज्ज्ञांकडे जायला सांगावं :

- कारण न कळणारा, परत परत येणारा ताप
- चेहरा पांढुरका होणं, सारखा थकवा
- न लागता अंगावर निळे डाग, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त
- हाडं-सांधे दुखणं, लंगडणं, खेळायला नको म्हणणं
- मान, काख किंवा पोटात गाठ
- सकाळी डोकेदुखी आणि उलटी, चालताना तोल जाणं
- डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक, किंवा अचानक आलेला तिरळेपणा

शेवटचं लक्षण अंगणवाडीच्या वयात जास्त महत्त्वाचं आहे. 'श्वास'मधल्या परशुरामला झालेला डोळ्याचा कॅन्सर साधारणपणे पाच वर्षांच्या आतल्या मुलांमध्ये आढळतो. फ्लॅशने काढलेल्या फोटोत एका डोळ्यात पांढरा ठिपका दिसला, तर दुसऱ्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं. लवकर कळलं तर जीव तर वाचतोच, कित्येकदा नजरही वाचते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक शाळेत येतं, तेव्हा अशा शंका त्यांना आवर्जून सांगाव्यात.

वर्गात घेण्यासारखे उपक्रम

१. जागा ठेवलीय : दीर्घ आजारी मुलाच्या बाकावर एक खोका ठेवा. रोज एका मुलाने त्यात वर्गात घडलेली एक गोष्ट लिहून टाकायची. आठवड्याने त्याला वाचून दाखवायची किंवा फोटो काढून पाठवायची.
२. हाडातला कारखाना : लाल, पांढऱ्या आणि पिवळ्या मण्यांनी तीन प्रकारच्या पेशी दाखवा. पांढरे मणी वाढवत न्या आणि बाकीच्यांना जागा कशी उरत नाही, ते मुलांनाच सांगू द्या.
३. भीतीची चिठ्ठी : नाव न लिहिता प्रत्येकाने एक भीती लिहायची. शिक्षकांनी एकेक वाचून खरं उत्तर द्यायचं. उत्तर माहीत नसेल तर तसं सांगायचं.

शेवटी

आता तो पाचवीत आहे. गोळ्या संपल्यात, तपासण्या चालू आहेत. आजार परत येणार नाही ना, ही धाकधूक आईच्या मनातून गेलेली नाही. लवकर जाणारही नाही. परवा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "मॅडम, तिकडे वॉर्डात तो सगळ्यांना सांगायचा, माझ्या शाळेत माझी जागा ठेवलीय. बाजूच्या पोराची आई मला विचारायची, खरंच ठेवलीय का हो?"

तुमच्या हजेरीपटावर असं एखादं नाव असेल, तर उद्या सकाळी ते मोठ्याने घ्या.